स्टूल असतं, बसत कोणी नाही

सगळ्यात आधी पायांना कळतं. डोळ्यांपुढचं अजून नीट उलगडलेलं नाही, कानावर पडणारं बोलणं अर्धंच समजतंय, पण टाचांतून निघालेली कळ पोटऱ्यांवरून कमरेपर्यंत चढली आहे. तुम्ही सकाळपासून उभ्या आहात हे सांगायला घड्याळ बघावं लागत नाही. साल १८९६, शहर लंडन. अंगावर काळा झगा, गळ्याशी कडक पांढरी कॉलर, कमरेला लोंबणारी कात्री. वय सतरा. कापडाच्या एका मोठ्या दुकानात रिबिनींच्या काउंटरमागे तुमची जागा आहे.

काउंटरपाशी खुर्ची आहे, ती गिऱ्हाइकाची. तिच्यावर बसलेल्या बाईंनी निळ्या रिबिनींची सगळी खोकी एकामागून एक उघडून घेतली आहेत. एवढ्या वेळात त्यांनी एकदाही तुमच्या तोंडाकडे पाहिलेलं नाही. बोलायचं ते सोबतच्या मैत्रिणीशी. "हिला काही समजत नाही. दुसरी कोणी आहे का बघ ना." तुम्ही हातभर अंतरावर उभ्या आहात. तुम्हाला ऐकू येतंय हे त्यांना ठाऊक आहे, आणि त्याने त्यांचं काही अडत नाही. तुम्ही हसता आणि पुढचं खोकं उघडता.

मग त्या काहीच न घेता उठतात, आणि तुमच्या पोटात गोळा येतो. गिऱ्हाईक रिकाम्या हाताने दारापर्यंत जाता कामा नये, त्याआधी शॉपवॉकरला बोलवायचं, असा दुकानाचा नियम आहे. लांब कोट घालून मजल्यावर येरझाऱ्या घालणारा तो देखरेख्या येतो, बाईंपुढे कमरेत वाकतो, आणखी काही दाखवू का म्हणून विचारतो आणि त्यांच्या खांद्यावरून एकदा तुमच्याकडे बघतो. अशी चार गिऱ्हाइकं हातची गेली की नोकरी जाते. नोकरी गेली की डोक्यावरचं छप्परही जातं, कारण तुम्हाला राहायला दुकानाच्या वरच्या मजल्यावरची खोली आहे, आणि जेवणही मालक देईल तेच. बिलात आकडा चुकला की दंड, सकाळी उतरायला उशीर झाला की दंड, आणि तो कापायचा पगारातून.

मला संताप येतो तो इथे. उद्धट माणसं सगळ्या काळांत असतात. पण त्यांचा उद्धटपणा झेलण्यासाठी पगार देऊन कोणाला तरी उभं करायचं, आणि त्या झेलणाऱ्याचं जेवण आणि अंथरूण गिऱ्हाइकाच्या मर्जीला बांधून टाकायचं, हे कोणीतरी बसून ठरवलेलं असतं. बाईंना यातलं काही माहीत नाही. त्या फक्त रिबीन न घेता घरी गेल्या.

रात्री वरच्या खोलीत दिवा मालवायची वेळ होते. आसपासच्या खाटांवरच्या मुली झोपतात. त्या काळातल्या अशाच एखाद्या खोलीत एक तेवीस वर्षांची मुलगी मेणबत्ती लपवून लिहीत बसलेली असे. मार्गारेट बॉण्डफील्ड तिचं नाव. चौदाव्या वर्षी ती ब्रायटनजवळच्या कापडदुकानात लागली होती. आता ती दुकान-कामगारांच्या संघटनेच्या मासिकात टोपणनावाने लिहिते, आणि १८९६ ते १८९८ या काळात एका महिला संस्थेसाठी वेगवेगळ्या दुकानांत नोकरी धरून आतली हकीकत गोळा करते आहे. हीच मुलगी १९२९ साली ब्रिटनची कामगारमंत्री होईल, त्या देशाच्या मंत्रिमंडळात बसलेली पहिली स्त्री. तुम्हाला आज त्यातलं काही ठाऊक नाही. तुम्ही सुजलेली पावलं उशीवर ठेवता आणि झोपता.

तीन वर्षं पुढे. १८९९ साली संसदेने कायदा केला आहे: दुकानात दर तीन स्त्री-मदतनिसांमागे बसायला निदान एक आसन हवं. तुमच्या काउंटरमागे स्टूल येतं. पहिल्या दिवशी तुम्ही तिघी त्याच्याकडे बघता. दुपारी गर्दी ओसरते तेव्हा तुमच्यातली एक बसते. तेवढ्यात दारातून एक गिऱ्हाईक आत येतं, बसलेल्या मुलीवरून नजर फिरवतं आणि सरळ पुढच्या काउंटरकडे जातं. शॉपवॉकरने ते पाहिलेलं आहे. तो काही बोलत नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या स्टुलावर रिबिनींची खोकी रचलेली असतात.

आता मुंबई.

१९४० चा ऑक्टोबर, गिरगाव. इथे तुम्ही पुरुष आहात, संगमेश्वराकडून आलेले, पंचविशीतले. कापडाच्या दुकानात गुमास्ते. आणि नवल म्हणजे इथे तुम्ही बसलेले आहात. पांढरी गादी, लोड, समोर मांडी घालून बसलेलं गिऱ्हाईक, मागे भिंतभर रचलेले ताके. लंडनच्या त्या काउंटरनंतर हे बघून बरं वाटतं. पण तासाभरात कळतं की बसणं नावापुरतंच आहे. "ए, ते वरचं काढ." तुम्ही उठता, शिडी लावता, ताका काढता, उलगडता. "हे नको. त्याच्या बाजूचं." पुन्हा शिडी. वयाने तुमच्याहून लहान असलेला मुलगा बापाच्या शेजारी बसून तुम्हाला अरे-तुरे करतो आणि बाप त्याला अडवत नाही. घरी आलेल्या पाहुण्याला तो असं बोलला असता तर मुस्काटात बसली असती.

उलगडायला क्षण पुरतो, घडी घालायला वेळ लागतो. लुगडं मूळ घडीवरच परत बसावं लागतं. एका बोटाने काठ काठाला लावायचा, तळहाताने मधला फुगा काढायचा, पदर आत दडवायचा, जर वर येऊ द्यायची नाही, कारण चुकीच्या ठिकाणी मोडलेली जर चिरते आणि मग त्या लुगड्याला कोणी हात लावत नाही. गिऱ्हाईक पायरी उतरलेलं असतं आणि गादीवर वीस लुगड्यांचा ढीग पडलेला असतो.

रात्रीचे साडेनऊ. दुकान उघडंच आहे. जेवून शतपावलीला निघालेली माणसं सहज आत डोकावतात, बसतात, पंख्याखाली वारा घेतात, दोन-चार नग उलगडून घेतात. त्यांचा दिवस संपून तीन तास झाले. तुमचा केव्हा संपेल ते त्यांच्यावर आहे. तुमच्या चाळीत शेजारच्या खोलीत गिरणीतला साचेवाला राहतो, त्याला रविवारची सुट्टी असते. नारायण मेघाजी लोखंड्यांच्या चळवळीमुळे ती गिरणी कामगारांना १८९० साली मिळाली. त्याला पन्नास वर्षं झाली. गुमास्त्याला आठवड्याची सुट्टी देणारा कायदा अजून लागू नाही. गिरणीत हजारो माणसं एका भोंग्यावर आत जातात आणि एका भोंग्यावर बाहेर पडतात, एकत्र थांबली तर सगळ्या शहराला कळतं. दुकानात दोघे-तिघे असतात, मालकाच्या गावचे, त्याच्या ओळखीने आलेले, बरेचदा त्याच्याच माडीवर झोपणारे. ते कोणाला सांगणार?

कायदा मात्र तयार आहे. मुंबई प्रांतात १९३९ साली दुकाने आणि आस्थापनांचा कायदा झाला. असा कायदा करणारा हा देशातला पहिला प्रांत. १५ नोव्हेंबर १९४० पासून तो अमलात येतो. त्या रात्री तुम्ही ठरल्या वेळी फळ्या लावायला घेता, आणि अर्धी फळी बसलेली असताना कोणीतरी बाहेरून ती थोपटतं. "अरे, उघड. पाच मिनिटांचं काम आहे." तुम्ही आतून कायद्याचं सांगता. बाहेरचा आवाज चढतो. "कायदा शिकवतोस मला? शेठला बोलव." शेठ उभाच असतो. त्याला दंडाची भीती आहे आणि गिऱ्हाइकाचीही आहे. त्या रात्री दंडाची भीती जिंकते, आणि तुम्ही इतक्या लवकर रस्त्यावर येता की कुठे जायचं ते सुचत नाही. खानावळ अजून उघडी असते. वाढपी गरम भात वाढतो.

१९४८ च्या कायद्याने हे आणखी बांधून दिलं: दिवसाला नऊ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, आणि सलग पाच तास कामानंतर एक तास विश्रांती. पुण्यातली दुकानं दुपारी १ ते ४ बंद असतात यावर अख्खा महाराष्ट्र हसतो. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. त्या तीन तासांत एक माणूस घरी जातो, ताटावर बसून जेवतो, घटकाभर पाठ टेकतो. ज्याला दुपारी अडीचला बटणं मिळाली नाहीत त्याची गैरसोय मी समजू शकतो. पण बटणं संध्याकाळीही मिळतात.

गिऱ्हाईक नेहमीच बरोबर असतं, हे घोषवाक्य विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिकागो-लंडनच्या मोठ्या दुकानदारांनी रुळवलं. त्यांचा मूळ हेतू चांगला होता: तक्रार करणाऱ्याला खोटारडा ठरवू नका, खराब माल परत घ्या. आपल्याकडे तेच बँकांत, टपाल कार्यालयांत, पेढ्यांवर गांधीजींच्या नावाने फ्रेम करून टांगलं गेलं, गिऱ्हाईक हा सगळ्यात महत्त्वाचा पाहुणा वगैरे. गांधीजींच्या लेखनात ते वचन सापडत नाही. मालकाने दिलेलं आश्वासन वाचायला मात्र गिऱ्हाईक शिकलं, आणि ते वसूल करायला त्याला समोर मालक कधी सापडत नाही, सापडतो तो काउंटरवरचा माणूस.

२००४, हिंजवडी. थोडाच वेळ थांबायचं आहे. रात्रीचे तीन, कानाला हेडसेट, गारठवणारा एसी. तुम्ही साताऱ्याच्या आहात, पण कंपनीने तुम्हाला एक परदेशी नाव दिलंय आणि जीभ वळवायचं शिक्षणही. फोनवरचा माणूस हजारो मैलांवरून विचारतो, तू कुठून बोलतेस? मग तो तुमच्या देशावरून, उच्चारावरून, आईवरून बोलतो. फोन तुम्ही ठेवायचा नाही, तो त्याने ठेवायचा. सगळं रेकॉर्ड होतंय. तुम्ही आवाज बंद करायचं बटण दाबून एक श्वास घेता, बटण सोडता आणि म्हणता की झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत. सकाळी घरी हे सांगता तेव्हा वडील खवळतात. कोण समजतात हे गोरे स्वतःला! त्यांचं खवळणं खरं आहे, त्यात माया आहे. अर्ध्या तासाने ते गॅसच्या एजन्सीला फोन लावतात आणि पलीकडच्या मुलीला म्हणतात, "तुला काही अक्कल आहे का?" तुम्ही चहाचा कप हातात धरून उभ्या असता.

आणि मग केरळातलं कोळिकोड. मिठाई तेरुवू, म्हणजे मिठाई गल्ली. साल २००९. अरुंद रस्त्याला खेटून कापडाची, शिंप्यांची, खेळण्यांची दुकानं. तुम्ही पुन्हा स्त्री आहात, तिशीच्या पुढच्या, साड्यांच्या मजल्यावर. उकडतंय, घसा कोरडा पडलाय, पण पाण्याची बाटली तुम्ही पिशवीतून काढत नाही. सकाळपासून काढलेली नाही. इमारतीत बायकांसाठी शौचालय नाही. कोणाची हिंमत झाली तर ती जवळच्या हॉटेलात जाते, तिथे नुसतं जाता येत नाही म्हणून चहा घेते, आणि तो चहा प्यायल्याने पुन्हा जावं लागतं. म्हणून पाणीच प्यायचं नाही. मूत्रमार्गाचा दाह, मुतखडे, पायांच्या फुगलेल्या शिरा, हे इथल्या बायका एकमेकींना घरच्या दुखण्यांसारखं सांगतात.

गिऱ्हाईक खुर्चीत बसलंय. चौघं आहेत, लग्नाची खरेदी आहे. तुम्ही एक साडी खांद्यावर टाकून दाखवता, दुसरी टाकता. पाठ क्षणभर भिंतीला टेकते, आणि कोपऱ्यातला कॅमेरा आठवून तुम्ही सरळ होता. टेकलं तरी पगार कापणारी दुकानं आहेत. "चेहरा असा का केलाय हिने?" चौघांतली एक जण दुसरीला म्हणते. १८९६ मधलाच तो सूर. अंतरही तेवढंच, हातभर.

याच गल्लीत विजी नावाची शिंपीण बायकांना जमवते आहे. पी. विजी. तिच्या संघटनेचं नाव पेण्कूट्टु, बायकांची सोबत. आधी मागितलं ते शौचालय. नंतर मागितलं बसणं. २०१४ च्या अखेरीस त्रिशूरच्या एका साडीदुकानातल्या बायकांनी बसण्याच्या हक्कासाठी संप केला, तो तीन महिन्यांहून अधिक चालला. केरळात त्याला इरिक्कल समरम् म्हणतात, बसण्याचा लढा. संपकरी बायका काउंटरमागे उभ्या राहणं सोडून दुकानासमोर रस्त्यावर बसल्या. तेच रोजचं गिऱ्हाईक त्यांच्यावरून वाट काढत आत जात होतं. २०१८ मध्ये केरळ सरकारने दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती केली, बसण्याची सोय सक्तीची झाली. तमिळनाडूने २०२१ मध्ये तसाच बदल केला. लंडनचं स्टूल तिथे पोचायला सव्वाशेच्या आसपास वर्षं लागली.

आता शेवटचा थांबा. यात तुम्हाला कोणी दुसरं व्हायचं नाही.

दादर, आजची संध्याकाळ. तुमच्या घरातलं लग्न आहे आणि बस्ता बांधायला तुम्ही सात जण आला आहात. एसी चालू आहे, चहा सांगितला आहे. काउंटरपलीकडची बाई चाळिशीच्या पुढची, नेमप्लेट लावलेली, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. दुकान आता आठवड्याचे सातही दिवस उघडं असतं. राज्याच्या २०१७ च्या कायद्याने वर्षाचे ३६५ दिवस दुकान उघडं ठेवायची मुभा दिली, कामगाराची आठवडी सुट्टी पाळीपाळीने येते. हिची मंगळवारी असते. मुलाची शाळा रविवारी बंद असते.

तुमचे काका फोनवर बोलता बोलता तिच्याकडे न बघता चुटकी वाजवतात. "ए, तो मोरपंखी काढ." ती काढते. भाची म्हणते, हा नको, ऑनलाइन यापेक्षा स्वस्त आहे. मावशी म्हणतात, तुमच्याकडे नवीन काही येतच नाही का हो? ती हसते. "येतं ना ताई, दाखवते." ते हसू तुम्ही आज ओळखता. काउंटरवर पैठण्यांचा ढीग वाढतो. मोडलेली प्रत्येक घडी तिच्या घरी जाण्याच्या वेळेत मिळवली जाते आहे, आणि तिला बदलापूरची गाडी धरायची आहे. मघाशीच ती शेजारच्या बाईला हळूच वेळ विचारत होती.

काकांना थांबवणं तुम्हाला अवघड जातं. वडीलमाणूस, चारचौघांत, लग्नघर. तरी तुम्ही म्हणता, "काका, त्यांना ताई म्हणा ना." काका चमकून बघतात, फोन कानाला तसाच. एक क्षण सगळेच गप्प होतात. मग मावशी पदराच्या रंगाबद्दल काहीतरी बोलतात आणि खरेदी पुढे सरकते. काकांनी पुन्हा चुटकी वाजवली नाही. ताईही म्हटलं नाही.

काउंटरच्या आत, तिच्या गुडघ्याशी एक स्टूल आहे. त्यावर घडी घातलेले ब्लाउजपीस रचलेले आहेत. तुम्ही वाकून बघता.

"बसून दाखवा ना," तुम्ही म्हणता. "आम्हाला घाई नाही."

ती आधी गल्ल्याकडे बघते. शेठ बिल करतोय. मग तुमच्याकडे.

"शेठ काही म्हणत नाहीत हो. पण बसलेली दिसले की गिऱ्हाईक येतच नाही. वाटतं, हिला काम करायचं नाही."

"मी आहे ना इथे."

ती ब्लाउजपीस उचलून बाजूला ठेवते आणि बसते. चष्मा डोळ्यांवर चढवते, पैठणीचा पदर काउंटरवर पसरते आणि मुनियाच्या बुट्टीवर बोट ठेवून सांगते की ही हातमागाची आहे, उलट्या बाजूने बघा, धागा सुटलेला दिसणार नाही. ती मघाची यंत्रमागाची होती, म्हणून स्वस्त. तुमची भाची खुर्ची पुढे ओढून वाकून बघायला लागते. काकांचा फोन संपलेला आहे, तेही बघतात. ही बाई या मालात वीस वर्षं आहे, आणि एवढ्या वेळात तिला कोणी काही विचारलंच नव्हतं.

तीन साड्या ती बसून दाखवते. चौथी उलगडत असताना दारातून नवं कुटुंब आत येतं, आणि ती उठते.